बोलताना पाऊल थांबतं का? म्हातारपणी चाल आणि डोकं एकत्र तपासायची आणि सांभाळायची पद्धत

सोलापुरात साखर पेठेतल्या एका घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजोबांनीच दार उघडलं. "या मॅडम, बसा," म्हणाले आणि खुर्चीकडे निघाले. वाटेत मी विचारलं, "गुडघ्याचं दुखणं किती वर्षांचं?" आजोबा थांबले. माझ्याकडे वळले, "बारा-तेरा वर्षं झाली की," म्हणाले आणि मग पुढचं पाऊल उचललं. मी मुद्दाम आणखी एक प्रश्न टाकला. परत थांबले. मुलगा म्हणाला, "गुडघे गेलेत त्यांचे, म्हणून असं अडत-अडत चालतात."

गुडघे कुरकुरत होते, ते खरंच. पण गुडघा दुखणारा माणूस नेमका प्रश्न विचारल्यावरच का थांबेल?

स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी १९९७ साली नेमकं हेच पाहिलं होतं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. यंत्र नाही, तपासणी नाही, नुसत्या गप्पा. सोळा वर्षं घरोघरी फिजिओथेरपी करताना मी हीच चाचणी सर्वांत जास्त वापरली असेल.

आपल्याकडे दोन तक्रारी दोन वेगळ्या कप्प्यांत पडतात. चालणं मंदावलं की हाडांचा डॉक्टर, विसरायला लागलं की "वय झालं". दोन्ही एकदमच सुरू झालंय, हे सहसा कुणी जोडून बघत नाही. ते कसं बघायचं, घरी कसं मोजायचं आणि मोजल्यावर काय करायचं, ते पुढे सांगते.

आधी थोडं, असं का होतं

ते आजोबा पॉवरलूमवर काम केलेले. एका वेळी चार माग बघायचे. शेजारच्याशी बोलत, तंबाखू मळत उभे असायचे आणि खटक्याच्या आवाजात जरा फरक पडला की कुठल्या मागाचा धागा तुटला ते न बघता कळायचं. काम अंगवळणी पडलं की ते असं होतं. मेंदूच्या खोलवरच्या भागांकडे आणि लहान मेंदूकडे ते सोपवलं जातं, आणि कपाळामागचा, लक्ष देणारा भाग दुसऱ्या कामाला मोकळा राहतो.

चालणंसुद्धा असंच अंगवळणी पडलेलं काम. तिशीत आपण चालताना भांडतो, हिशेब करतो, मोबाइल बघतो. वय वाढतं तसं तळपायाकडून येणारी खबर पुसट होते, नजर मंदावते, स्नायू आटतात. मेंदूच्या आतल्या वायरिंगला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बीपी आणि शुगरने खराब होतात. मग आपोआप होणारं चालणं आपोआप होईनासं होतं आणि लक्ष देणाऱ्या भागाला त्यात उतरावं लागतं. पण आठवणं, ठरवणं, दोन गोष्टींत निवड करणं हेही त्याच भागाचं काम. एकाच माणसाला चार मागांऐवजी आठ माग दिले तर काय होईल, तेच इथे होतं.

म्हणून चाल मंदावणं हे नुसतं पायाचं लक्षण धरू नये. विसरणं लक्षात येण्याच्या कित्येक वर्षं आधी चालीचा वेग घसरू लागतो, असं दीर्घकाळ चाललेल्या अनेक पाहण्यांत दिसलं आहे. मूळ भारतीय असलेले न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ ज्यो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या जोडीला वेगळं नावच दिलं. "हल्ली आठवत नाही" ही स्वतःची तक्रार आणि त्याच्या जोडीला मंद चाल, अशा माणसाला पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त, असं त्यांना आढळलं.

धोका जास्त म्हणजे होणारच, असं नाही. हे वाक्य मी प्रत्येक घरी दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही.

पायरी पहिली : आठवडाभर नुसतं बघा

मोजायच्या आधी बघा, आणि त्यांना सांगून बघू नका. सांगितलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ चालतो.

चालताना हाक मारली तर काय होतं? वळताना एका झटक्यात वळतात की पाच-सहा छोटी पावलं टाकत? चालताना एक हात हलतो आणि दुसरा लोंबकळत राहतो का? हातात चहाचा कप असला की पाय घासत जातात का? भाजी आणायला गेल्या की पूर्वीपेक्षा उशीर होतो का, आणि तो रस्त्यात होतो की सुट्ट्या पैशांच्या हिशेबात? आवडीचं एखादं काम गुपचूप सुटलंय का?

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. माणसं कमी पडू लागली की कबूल करत नाहीत, काम सोडून देतात. "गड्ड्याच्या जत्रेला काय जायचं, गर्दी असते नुसती," असं ज्या आजी या वर्षी पहिल्यांदा म्हणाल्या, त्यांना गर्दीचा कंटाळा आला असेल किंवा गर्दीत पाय आणि डोकं एकदम सांभाळता येत नसेल. दुसरी शक्यता त्या बोलून दाखवणार नाहीत.

एक फसवी गोष्टही सांगते. विडी वळणाऱ्या एका आजींकडे मी जायचे. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण मांडीवर सूप घेतलं की बोटं पूर्वीसारखी चालायची. पान, तंबाखू, वळण, दोरा. घरचे म्हणायचे, "आईला काय झालं नाही, विड्या बघा कशा वळते." हाताची सवय मेंदूत वेगळ्या जागी असते आणि ती खूप उशिरापर्यंत टिकते. ती टिकली म्हणून बाकीचं ठीक आहे असं धरू नका. आणि बाकीचं गेलं म्हणून हातातलं सूपही काढून घेऊ नका.

पायरी दुसरी : घरच्या घरी मोजा

लागेल काय? शिंप्याची किंवा सुताराची टेप, खडू, मोबाइलचं घड्याळ आणि शेजारी चालायला एक धट्टाकट्टा माणूस. हा माणूस नसेल तर मोजू नका.

सरळ, कोरडी, सहा मीटर जागा शोधा. वाड्याचा बोळ किंवा अपार्टमेंटचा पॅसेज चालेल, गच्ची नको. पहिल्या मीटरवर खडूची एक रेघ, पाचव्या मीटरवर दुसरी. सुरुवातीपासून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. घड्याळ पहिल्या रेघेवर सुरू करा, दुसरीवर थांबवा, आणि त्यांना पुढे चालू द्या. मधले चार मीटर मोजले की सुरुवातीचा आणि शेवटचा अडखळा त्यात येत नाही. काठी वापरत असतील तर काठीसकट. चप्पल रोजचीच.

चार सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर. पाच लागले तर ०.८. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली १ मीटरच्या खालचा वेग मंद धरावा असं सुचवलं. युरोपातल्या गटाची रेघ ०.८ वर आहे. एकदा साडेचार सेकंद लागले म्हणून घाबरू नका. दोनदा मोजा, त्यातला चांगला आकडा घ्या.

आता बसवून एक मिनिट प्राण्यांची नावं सांगायला लावा आणि किती झाली ते लिहून ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. बसून किती येतात हेच माहीत नसेल, तर चालताना कमी आली म्हणजे नेमकं काय झालं ते कळणार कसं?

मग पुन्हा तेच चार मीटर, पण या वेळी नावं सांगत. प्राणी एकदा झालेत, म्हणून आता भाज्या घ्या. किंवा शंभरातून एक-एक कमी करत उलटे आकडे.

हिशेब सोपा आहे. नुसतं चालायला पाच सेकंद लागले आणि बोलत चालताना सव्वासहाच्या पुढे गेले, तर वेग २० टक्क्यांहून जास्त घटला. कॅनडात सौम्य विस्मरण असलेल्या ११२ जणांवर केलेलं एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. बोलत चालताना ज्यांचा वेग २० टक्क्यांहून जास्त घसरत होता, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. तुमचा खडूचा आकडा निदान नव्हे. डॉक्टरांकडे जायचं की नाही हे ठरवायला मात्र तो पुरतो.

आकड्याइतकंच महत्त्वाचं, काय सुटलं ते. काही जणांचं बोलणं थांबतं आणि पाय नीट पडत राहतात. "थांब गं, चालू दे की आधी," असं म्हणणाऱ्या आजी शहाण्या. त्यांच्या मेंदूने पायाला पहिला मान दिला. काही थांबून बोलतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. मला सगळ्यात काळजी वाटते ती भाज्यांची यादी उत्साहाने म्हणत तिरके-तिरके भिंतीकडे जाणाऱ्यांची, ज्यांना आपला तोल चाललाय याचा पत्ताच नसतो.

शेवटी खुर्ची. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा-बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर मांड्यांची ताकद कमी आहे. हाताशिवाय उठताच येत नसेल तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं.

आता एक खास सोलापुरी सूचना. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुठे दखनी उर्दू. बाजारात मराठी अस्खलित बोलतात म्हणून चाचणीही मराठीत घेतली जाते, आणि अव्वा, म्हणजे आजी, 'कमी' पडतात. नावं आणि आकडे ज्या भाषेत लहानपणी शिकले त्या भाषेत विचारा. डॉक्टरांनाही तसं सांगा. दोन-तीन भाषा रोज बोलणं मात्र फायद्याचंच दिसतं. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. आपल्या शहरात ही कमाई फुकटात होते. नातवंडांशी सगळ्यांनी फक्त इंग्रजी झाडायचं ठरवलं नाही म्हणजे झालं.

पायरी तिसरी : दुरुस्त होणारी कारणं आधी शोधा

व्यायाम सुरू करायची घाई नको. चाल आणि डोकं दोन्ही एकदम बिघडवणारी काही कारणं साधी असतात.

पहिलं कारण औषधांच्या डब्यात. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या. यांनी पाय डळमळतो आणि डोकं जड होतं. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या असतील तर सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि एकाच डॉक्टरांपुढे ओता. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम सोडली तर वेगळाच गोंधळ होतो.

दुसरं, बी-१२. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ती दिसते. बी-१२ घटलं की तळव्यांना मुंग्या येतात, अंधारात पाय कुठे पडतोय कळत नाही, आणि विसरायलाही होतं. एकाच कमतरतेने दोन्ही टोकं धरलेली असतात. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी फरक पडतो. थायरॉईडही त्याच रक्तात तपासून घ्या.

तिसरं, उठल्यावरचा बीपी. आडवं असताना एकदा मोजा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. पहाटे लघवीला उठताना पडणारी किती माणसं याच कारणाने पडतात, ते घरच्यांना कळतच नाही.

चौथं, कान आणि डोळे. ऐकू कमी येतं तेव्हा सगळं लक्ष ऐकण्यातच जातं, पायाला उरत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी १४ कारणं मोजली, ज्यांच्यावर काही करता येतं. त्यांत कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेली दृष्टीची कमतरताही आहे. मोतीबिंदू पिकायची वाट बघणं हा जुना समज, तो सोडा. आणि दुहेरी काचेच्या चष्म्याने जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघायला शिकवा.

पाचवं, चप्पल. मागे पट्टा नसलेली स्लीपर पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, आणि सगळी चाल त्या आवळण्यातच जाते. मागून पट्टा असलेली, पातळ आणि न घसरणाऱ्या तळव्याची चप्पल घ्या.

पायरी चौथी : या जागी चालणं आणि बोलणं वेगळं ठेवा

चालणं आणि विचार करणं एकत्र करायचा सराव पुढे आहेच. पण त्याआधी घरात कुठे ही दोन्ही एकत्र येऊ द्यायची नाहीत, ते ठरवा. मी स्वतः हे उलट केलं होतं. नवी होते तेव्हा एका आजोबांना दुसऱ्याच भेटीत जिन्यावर उलटे आकडे म्हणायला लावले. 'ब्याण्णव'ला त्यांचा पाय सुटला. माझा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात होता म्हणून वाचले. त्या दिवसापासून जिन्यावर मी तोंड उघडत नाही.

नियम असा करा : जिना, न्हाणी, उंबरठा, रिक्षातून उतरणं आणि रस्ता ओलांडणं, या पाच ठिकाणी म्हाताऱ्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. हाकही मारायची नाही. मागून "बाबा, किल्ली कुठे ठेवली?" म्हणून ओरडायचं नाही. समोर जायचं, ते थांबले की विचारायचं. फोन वाजला की जागेवर उभं राहून किंवा बसून उचलायचा. धावत जाऊन नव्हे. मोबाइल गळ्यात अडकवला तर धावायचं कारणच उरत नाही.

सगळ्यात धोक्याचा असतो पाण्याचा दिवस. सोलापुरात बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा घरात लढाई सुरू होते. मोटारीचा आवाज, फरशीवर आडवा पाइप, ओली जमीन, "टाकी भरली का बघा" अशी हाक, आणि "पाणी जाईल" ही घाई. वळणं, उचलणं, लक्षात ठेवणं आणि ओल्यावर चालणं, सगळं एका अर्ध्या तासात. वेळ रात्रीची असेल तर झोपेतून उठलेलं डोकं. आजी ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. पन्नास वर्षं पाणी त्यांनीच भरलंय. त्यांना बसून करायचं काम द्या. खुर्चीवर बसून टाकीकडे लक्ष ठेवणं, वेळ बघणं, कुठलं भांडं पुढे हे सांगणं. हुकूम त्यांचा, पाय दुसऱ्याचे. "तुम्ही बाजूला बसा" म्हणालात तर तुम्ही आत गेल्यावर त्या कळशी उचलतील.

बाकी घराचं थोडक्यात. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. न्हाणीत भिंतीला दांडी. टॉवेलची दांडी नव्हे, ती निखळते. उंबरठ्याच्या कडेला ठळक पट्टी. आणि जमिनीवर अंथरलेली आपली चादर उठल्यावर लगेच घडी घालून ठेवा. सोलापुरी चादर टिकते वर्षानुवर्षं, पण गुळगुळीत फरशीवर तिची दुमडलेली कड पायात आली की माणूस टिकत नाही.

पायरी पाचवी : ताकद, तोल, मग जोडकाम

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालणं किंवा तसलाच व्यायाम, दोन दिवस ताकदीचा, आणि वयस्कांसाठी तीन दिवस तोलावर भर देणारा. हा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. दिवसाला दहा मिनिटांपासून सुरू केलेली माणसं मी पाहिली आहेत आणि ती टिकली. छातीत दुखणं, धाप, नुकतंच ऑपरेशन किंवा वारंवार पडणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले चार आठवडे डोक्याचं काम मुळीच जोडू नका. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठणं-बसणं, बसताना सावकाश. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलणं. ओट्यालाच धरून एका रेषेत पावलं, एका पायापुढे दुसरा. मग एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात धरून, मग एक हात, मग फक्त एक बोट. ओटा यासाठी फार सोयीचा : उंची बरोबर, हलत नाही, आणि आजी तिथे दिवसातून चार वेळा असतातच. भाजी शिजेपर्यंत टाचा उचलून होतात.

पाचव्या आठवड्यापासून जोडकाम, म्हणजे पाय आणि डोकं एकदम चालवायचा सराव. आधी उभं राहून, मग जागच्या जागी पावलं टाकत, शेवटी चालत; आणि शेजारी माणूस हवाच.

उभं राहून : डब्यातले शेंगदाणे आणि फुटाणे वेगळे करत बोलणं. जागच्या जागी पावलं टाकत : आठवड्याचे वार उलटे. चालत : सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत जाताना काय काय लागतं ते सांगायचं, आणि परत फिरलं की तेच उलट क्रमाने. हा माझा आवडता प्रकार. यात नकाशा आहे, आठवण आहे, आणि "तिथे पूर्वी अमुक टॉकीज होतं" अशी गोष्टही निघते.

चूक झाली तर दुरुस्त करत बसू नका. पाऊल चुकलं तर मात्र ताबडतोब थांबवा. काम इतकंच अवघड हवं की थोडं अडखळेल आणि हसू येईल. सगळं सहज होत असेल तर वाढवा. माणूस चिडत असेल तर तुम्ही जास्त दिलंय.

इथे लोक एक गल्लत करतात. "आमचे बाबा चालताना हरिपाठ म्हणतात, म्हणजे जोडकाम झालंच." नाही झालं. तोंडपाठ असलेलं आपोआप येतं, लक्ष देणाऱ्या भागाला त्यात फारसं काम नसतं. मात्र त्याचा दुसरा उपयोग आहे आणि तो मोठा आहे. ताल. पार्किन्सनमध्ये पाय जमिनीला खिळतात, पाऊल लहान होत जातं. अशा वेळी टाळाच्या ठेक्यावर, मोजलेल्या तालावर पाऊल पुष्कळांना सुटतं. तर अडकलेल्या पायाला अभंग, आणि आळसावलेल्या लक्षाला उलटे आकडे.

दोन्ही एकत्र हवं असेल तर वारकऱ्यांसारखी भजनाच्या तालावर पावली खेळा. पुढे दोन, मागे एक, वळण, टाळ, शेजाऱ्याच्या पावलाशी मेळ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. कुणाला शिकवायला नको. २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास आला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं यांच्या जोडीला शारीरिक गोष्टींपैकी एकट्या नृत्याचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. नाचणाऱ्यांचा मेंदू आधीपासूनच बरा असेल, ही शंका अशा अभ्यासात राहते. पण पावली खेळायला तेवढा पुरावा मला पुरतो. भजनी मंडळात उभं राहायची भीती वाटत असेल तर खुर्ची मागे ठेवून खेळा.

चालायला सिद्धेश्वर तलावाची बाजू, पार्क, हुतात्मा बाग किंवा आपली गल्ली. जागा कुठलीही, वेळ मात्र सकाळचीच. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. म्हाताऱ्यांना तहान उशिरा लागते, आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणारे बरेच. शरीरातलं पाणी घटलं की बीपी उतरतो, पाय लटपटतो आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. उन्हाळ्यात घरातच चाला. दिवसभर थोडं-थोडं पाणी, ताक. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तर तेच पाळा.

डॉक्टरांकडे कधी

हळूहळू झालेला बदल आणि अचानक झालेला बदल यांत फरक करा. काल नीट होते आणि आज ओळखत नाहीत, चालता येत नाही, तर ते वय नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी होणं, साखर उतरणं, पक्षाघात, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोली अडखळलेली असेल तर मिनिटभरही थांबू नका, १०८ लावा.

पडून डोक्याला मार लागला, तेव्हा काही झालं नाही, पण दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागलं, झोप वाढली, पाय ओढला जाऊ लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. डॉक्टरांना ती जुनी पडल्याची गोष्ट आठवणीने सांगा. ती "किरकोळ" वाटते म्हणूनच सांगायची राहते.

पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणं आणि विसरणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच. मेंदूतल्या पाण्याच्या एका विकारात हे त्रिकूट दिसतं आणि त्यावर ऑपरेशनचा उपाय आहे. चाल पुष्कळदा सुधारते. खासगी खर्च झेपत नसेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. घरात दुसरं कुणी नसलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन.

जाताना काय न्यायचं? गोळ्यांची पिशवी, चष्मा, कानाचं यंत्र, आणि चालतानाचा मोबाइलवर घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ. एक तुकडा नुसत्या चालण्याचा, एक बोलत चालण्याचा. डॉक्टरांच्या केबिनमध्ये चार पावलांची जागा नसते, आणि तिथे प्रत्येक म्हातारा माणूस आपला उत्तम चालतो.

वही

शंभर पानी वही पुरते. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी, त्याच चपलेत, सकाळच्या त्याच वेळी मोजा : नुसती चाल, बोलत चाल, बसून नावं, पाच वेळा उठणं. बाजूला पडणं किंवा पडता-पडता वाचणं लिहा, तारखेसकट. नवी गोळी सुरू झाली तर तीही.

साखर पेठेतल्या आजोबांच्या वहीत पहिल्या पानावर आहे : नुसती चाल साडेपाच सेकंद, बोलत आठ. खाली त्यांच्या मुलाच्या अक्षरात, "भेंडीपाशी थांबले". तेव्हा त्यांचं बी-१२ फारच खाली होतं आणि रात्रीची एक गोळी नको असताना चालू होती. डॉक्टरांनी दोन्ही बघितलं, ओट्याशी व्यायाम सुरू झाला. सात महिन्यांनंतरच्या पानावर पाच सेकंद आणि सहा. जिन्यावर ते अजूनही कुणाशी बोलत नाहीत, आणि आता मला तर दारातच हाताने खूण करतात, आधी बसू दे म्हणून.